साध्या पाण्याचे दोन पट्टे

शंभर झाडं मोजून झाली तेव्हा रश्मीने आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला, मग वहीवर, आणि सगळ्यात शेवटी पांडुरंगरावांवर. खरं तर हा क्रम उलटा असायला हवा होता. पण ती शिक्षकाची मुलगी होती, आणि शिक्षकाच्या घरात गणित चुकलं की पहिल्यांदा आपलीच पाटी पुसायची सवय असते.

सोयाबीनच्या त्या अर्ध्या एकरात सहा पट्टे आखलेले होते. दोन पट्ट्यांवर रश्मीने आणलेलं बुरशीपासूनचं औषध, दोन पट्ट्यांवर दुकानातलं रासायनिक बुरशीनाशक आणि दोन पट्ट्यांवर नुसतं साधं पाणी. करपा आला की साध्या पाण्याच्या पट्ट्यांतली पानं डागाळणार, शेंगा काळ्या पडणार, आणि त्यांच्या शेजारी औषधाचे पट्टे हिरवे राहिले तर औषधात किती दम आहे ते कळणार. आधीच्या दोन हंगामांत, दुसऱ्या दोन गावांत, असंच झालं होतं. साध्या पाण्याखाली शंभरातली चाळीसेक झाडं करपली आणि रश्मीच्या औषधाखाली बारा-तेरा. हा तिसरा हंगाम, शेवटचा. आणि आज, सप्टेंबर संपत आलेला असताना, सहाही पट्टे एकाच आईची लेकरं असावीत तसे हिरवेगार उभे होते. औषधात शंभरातली दहा झाडं डागी, दुकानच्यात नऊ, आणि साध्या पाण्यात तीही नऊच.

औषध रश्मीचं म्हणजे खरोखर तिचंच म्हणायला हवं. एम.एस्सी. झाल्यावर इंद्रवेल्लीकडच्या रानात ती बुरशा गोळा करत हिंडत होती, तेव्हा मोहाच्या पडलेल्या एका ओंडक्यावर तिला ही सापडली. आजूबाजूच्या लाकडांवर दहा तऱ्हेच्या बुरशा माजल्या होत्या आणि या ओंडक्यावर मात्र ही एकटी, दुसऱ्या कोणालाही जवळ फिरकू न देणारी. म्हणजे ती काहीतरी पाझरवत असणार, ज्यापुढे बाकीच्या टिकत नाहीत. हैदराबादच्या एका संस्थेतल्या सरांनी प्रयोगशाळेत ते द्रव्य वेगळं काढलं आणि रश्मीला कंत्राटावर कामाला घेतलं. तीन हंगाम आकडे नीट आले तर औषध मोठ्या चाचण्यांना जाणार होतं. नाही आले तर फाइल बंद आणि फाइलबरोबर रश्मीही घरी. तामसीच्या या भागात मात्र सगळे त्याला ‘छत्रीचं पानी’ म्हणत, कारण रानातली बुरशी म्हटल्यावर लोकांना कुत्र्याच्या छत्र्यांपलीकडे काही आठवेना.

आता पांडुरंगरावांबद्दल. ते वाईट माणूस नव्हते, आणि हीच सगळी अडचण होती. वाईट माणसावर नजर ठेवता येते. हा माणूस सकाळी वावरात शिरताना वाकून मातीला हात लावणारा, बैलाआधी न जेवणारा, मॅडम आल्या की बाज झटकून बसायला देणारा. जूनमध्ये त्यांनी आपणहून जमीन दिली. साध्या पाण्याच्या पट्ट्यांचं कारण रश्मीने समजावलं तेव्हा मान डोलावून “हाव, समजलं” म्हणाले. जुलैत ते त्याच दोन पट्ट्यांना ‘सावत्र पट्टे’ म्हणू लागले. ऑगस्टमध्ये त्यांनी तिथली डागी पानं हाताने खुडून टाकली, कारण “पाहवत नोहतं”. रश्मीने पुन्हा समजावलं. ते पुन्हा “हाव, समजलं” म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते कसं वाहतं, हे तिने तीन महिने जवळून पाहिलं होतं.

“काका,” तिने आता वही मिटत विचारलं, “या दोन पट्ट्यांवर काय मारलं?”

“कायचं? साधं पानी. तिन्ही बारी तुमच्या डोळ्यादेखत मारलं न मॅडम.”

“डोळ्यादेखत नाही. माझ्या माघारी काय मारलं ते विचारते.”

पांडुरंगरावांनी टोपी काढली, आत पाहिली आणि पुन्हा घातली. मग त्यांना अचानक बैलाची वेसण तपासायची आठवण झाली. रश्मीला उत्तर मिळालं होतं. ती तडक घराकडे निघाली.

औषधाचे दोन पांढरे कॅन मधल्या खोलीत, थंडाव्याला बाजेखाली ठेवलेले असत. प्रत्येक फवारणीनंतर किती उरायला हवं त्याच्या खुणा रश्मीने स्वतः मार्करने कॅनवर काढल्या होत्या. तिने एक कॅन बाहेर ओढला. पातळी खुणेवर होती, केसभरही इकडेतिकडे नाही. क्षणभर तिला आपल्याच संशयाची लाज वाटली. मग तिने कॅन दारातल्या उजेडात सरकवला. हे औषध कोऱ्या चहासारखं काळपट असायचं. कॅनमधल्या त्या फिकट पाण्याला पाहुण्यापुढेही कुणी चहा म्हटलं नसतं.

“काकू,” ती चुलीजवळ बसलेल्या जयवंताबाईंना म्हणाली, “यात पाणी घातलं?”

जयवंताबाई पांडुरंगरावांच्या पत्नी. नवऱ्यासारखं टोपीत तोंड लपवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. “घातलं न,” त्या म्हणाल्या. “पुरलं पायजे न सगळ्याइले.”

“सगळ्याइले म्हणजे?”

“त्या दोन सावत्र पट्ट्याइले. तू सांजच्या बसनं गेली का दुसऱ्या दिवशी सकाळी हे मारत जाय. मंग कॅनमंदी कमी पडे. मंग मी पानी वाढवलं.” जरा थांबून, हिशेब चोख असावा म्हणून त्यांनी पुस्ती जोडली. “तुह्या त्या खुनेलोक.”

गावात कुणाचं लग्न असो की तेरवी, वरणाची जबाबदारी जयवंताबाईंकडे असे. पन्नास पानांचं वरण शंभर पानांना पुरवावं तर त्यांनीच. पानं वाढली की त्या गडबडत नसत; आधणाचं पाणी ओतत, मीठ टाकत, आणि शेवटच्या माणसाच्या भातावरही वरण पडे. हीच कला त्यांनी तीन वर्षांच्या संशोधनावर वापरली होती. रश्मीला कॅन आपटावासा वाटला, पण तो अर्धा भरलेला होता आणि तिच्याच्याने उचललाही गेला नसता.

“किती पाणी घातलं?”

“अंदाजानं.”

“अंदाजानं,” रश्मी म्हणाली. मग भानावर येत तिने विचारलं, “बरं, पट्टे वाचवायचेच होते, तर दुकानचं औषध मारायचं होतं. ते तर बाजूलाच पडलं होतं. हेच का?”

एव्हाना पांडुरंगराव दारात येऊन उभे राहिले होते. “दुकानच्यानं डोळे जळते मॅडम,” ते म्हणाले. “दोन दिवस जेवन जात नाई. तुमच्या पान्यानं काईच होत नाई आन् पानं कशी लुसलुशीत रायते. भरवसा बसला आमचा त्याच्यावर.”

हे वाक्य ऐकण्यासाठी रश्मी तीन वर्षं गावोगाव हिंडली होती. ते आज ऐकायला मिळालं, आणि ज्याने ते म्हटलं त्याने त्याचा पुरावाच धुऊन टाकला होता. हसावं की कपाळ बडवावं हेही तिला सुचेना. “भरवसा बसला म्हणून तुम्ही सगळं नासवलं,” ती म्हणाली. “ते दोन पट्टे उपाशी राहायला पाहिजे होते. पाच वेळा सांगितलं मी.”

“सांगतलं न,” जयवंताबाई म्हणाल्या. “पन एका रांगेत सहा जनाइले बसवायचं, चौघाइच्या पानात वाढायचं आन् दोघाइले नुसतं पानी दाखवायचं, याले पंक्तिप्रपंच म्हंतेत, रश्मी. पाप हाय ते. मानसासंग करू नाई तं पिकासंग कसं करावं?”

रश्मी इतका वेळ मॅडमसारखं बोलत होती. आता तिचं घरचं बोलणं आपोआप बाहेर आलं.

“पाप हाय? काकू, माहा आजा देवाजी याच घरी बारा साल सालदार होता. तुमच्या याच आंगनात लग्नाच्या पंगती उठे, आन् त्याचं पान गोठ्याच्या मांगं पडे. सगळ्याइचं झाल्यावर. उरलं तं. तवा कुठी गेलता तुमचा पंक्तिप्रपंच? आन् आता सोयाबीनचा कळवळा आला तुमाले?”

चुलीवर चहा उतू गेला तरी कुणी हात लावला नाही. पांडुरंगराव “ते बापाच्या वक्ताची गोष्ट…” असं काहीतरी म्हणायला लागले आणि जयवंताबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढचं गिळून बसले. मग जयवंताबाईंनीच पातेलं उतरवलं, पदराने चुलीची कड पुसली आणि पुसतच राहिल्या. हे शब्द रश्मीच्या मनात लहानपणापासून होते. कधीतरी ते या घरात म्हणावेत असं तिला नेहमी वाटे, पण ते सोयाबीनच्या निमित्ताने निघावेत आणि म्हणून झाल्यावर काहीही हलकं वाटू नये, याचा तिला नव्याने संताप आला. ती उठून बाहेर आली.

निंबाखाली उभं राहून तिने सरांना फोन लावला. सर आधी तेलुगूत चिडले, मग हिंदीत शांत झाले. जवळपास त्याच वाणाचं, काहीच न फवारलेलं एखादं शेत असेल तर त्यातली झाडं मोजून आण, तेवढ्यावर निभावता येईल, असं म्हणाले. आणि नसेल तर? नसेल तर मागच्या वर्षीच्या आसपासचा आकडा टाक, दोन-चार इकडेतिकडे करून. औषध चांगलं आहे हे आपल्याला माहीतच आहे. एका म्हाताऱ्यापायी तीन वर्षांचं काम बुडवणार आहेस का? आज संध्याकाळपर्यंत तक्ता पाठव. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

तक्ता रश्मीच्या हातातच होता. साध्या पाण्याच्या पट्ट्यांसमोर दोन चौकटी रिकाम्या होत्या. त्यात बेचाळीस आणि एकोणचाळीस इतकंच लिहायचं होतं. चार अक्षरं सुद्धा नाहीत, चार आकडे. ओंडका, प्रयोगशाळा, तिची नोकरी, सगळं त्या चार आकड्यांनी वाचणार होतं. खोटं कशाला सांगा, तिने पेनाचं टोपण काढलंही.

पांडुरंगराव मागोमाग आले होते आणि फोनवरचं त्यांना पुरेसं कळलं होतं. “टाका न मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी खाली सही करतो. खोटं थोडंच हाय? औषध तं चाललंच न.”

“कशावरून चाललं?”

“कशावरून म्हंजे? समदं हिरवं हाय.”

“आन् यंदा करपा आलाच नसन तं? काईच नाई मारलं असतं तरी हिरवंच राह्यलं असतं तं?” ती म्हणाली. “उद्या माहा आकडा वाचून तिकडं कोनी शेतकरी दुकानचं बंद करन, हेच मारन, आन् त्याचं वावर करपून गेलं तं तो कोनाले विचारन? ते दोन पट्टे याच्यासाठीच होते काका. तेच सांगून राह्यले होते मी.”

पांडुरंगरावांनी वावराकडे पाहिलं, सहाही पट्ट्यांवरून नजर फिरवली, आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. हीच गोष्ट रश्मीने जूनपासून पाच वेळा सांगितली होती. सहाव्यांदा ती त्यांच्या डोक्यात शिरली, म्हणजे तिचा उपयोग संपल्यावर.

“मंग आता कसं?” त्यांनी विचारलं.

रश्मी आजूबाजूची वावरं मनात मोजत होती. या शिवारात करप्याच्या भीतीने ज्याने त्याने दुकानचं काहीतरी मारलेलंच होतं. बाकी वावरांत कापूस होता, त्याचा इथे उपयोग नव्हता. न फवारलेलं सोयाबीन कुणाचं असेल? ज्याच्याकडे पंप नाही, मजुरी द्यायला माणूस नाही, त्याचं. आणि तिला एकदम तुळजाबाई आठवली.

तुळजाबाईचा दहा गुंठ्यांचा तुकडा पांडुरंगरावांच्या बांधाला लागून, नाल्याच्या अंगाला होता. म्हातारी एकटी राहायची. जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण करून हा तुकडा तिने जोडला होता. रश्मीच्या घरासारखंच तिच्याही भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, आणि रश्मी दिसली की ती लांबूनच जय भीम घाली. तिने कधी काही फवारल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. यंदा पेरणीला बियाणं तिने पांडुरंगरावांच्याच घरून नेलं होतं, म्हणजे वाणही तोच. याहून चांगलं काय मिळणार होतं? रश्मीने वही काखेत मारली आणि बांधावरून जवळजवळ पळत सुटली.

“मॅडम, ऐका तं,” मागून पांडुरंगराव म्हणाले.

ती थांबली नाही. त्यांचं तिने पुष्कळ ऐकलं होतं.

“मॅडम, जराक ऐका माह्यं,” ते धापा टाकत तिच्यामागे येत राहिले. “मी सांगून राह्यलो का…”

“नंतर सांगा.”

तुळजाबाईचा तुकडा हिरवागार होता. रश्मी पहिल्या ओळीतच उकिडवी बसली आणि पानं उलटीपालटी करून पाहू लागली. दहा झाडं पाहिली, वीस पाहिली. कुठे एखादा डाग. म्हणजे करपा यंदा आलाच नव्हता तर. म्हणजे आकडा काहीच सांगणार नाही, सगळीकडे नऊ आणि दहा. वाईट होतं, पण निदान खरं होतं. करपा न आलेलं वर्ष असं लिहून दिलं की नियमाप्रमाणे तो हंगाम धरत नाहीत, पुढचा मागता येतो. तिच्या छातीतलं ओझं अर्धं उतरलं.

तुळजाबाई कडेच्या धुऱ्यावर शेळीसाठी गवत कापत होती. विळा ठेवून ती जवळ आली. “जय भीम, व माय. काय पाहून राह्यली?”

“जय भीम आजी. तुमचं सोयाबीन पाहून राह्यले. काईच मारलं नाई तरी किती साफ हाय.”

“मारलं न,” तुळजाबाई म्हणाली. “तिन्ही बारी मारलं.”

रश्मी उकिडवीच राहिली.

“या पांडुरंगानं मारून देल्लं,” म्हातारी सांगू लागली, आणि तिच्या बोलण्यात जरा नवलाईच होती. “मी नाई म्हंलं, माह्यापाशी द्याले काई नाई. तं जयवंताबाई सोता संग आली. म्हने, छत्रीचं पानी हाय, पुरवून वाढलं तं होते, तुह्या वावराले काऊन सोडायचं? आन् आधी माह्या वावरात मारलं, मंग उरलं ते तिच्या पट्ट्यात. इतकी साल झाली माय, माह्या तुकड्यात पंप घेऊन कोनी आलं नोहतं.”

पांडुरंगराव येऊन पोचले होते आणि बांधावर टोपी हातात घेऊन उभे होते. तेच तर ते सांगत होते.

तुळजाबाईला रश्मी काय बोलणार? चांगुलपणा करू नका म्हणून कुणाला खडसावता येतं का? आता या अख्ख्या शिवारात एकही झाड असं नव्हतं ज्याला काहीच मिळालं नाही. करपा आला होता आणि पातळ केलेल्या औषधानेही त्याला थोपवलं, की तो आलाच नव्हता, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं. पहिलं खरं असेल तर तिच्या हाती आजवरचा सगळ्यात मोठा शोध लागून निसटला होता. दुसरं असेल तर हातात काहीच नव्हतं. आणि दोन्हींतलं कोणतं, हे सांगू शकणारं एकही रोप या नवराबायकोने उपाशी ठेवलं नव्हतं.

ती बांधावर बसली, गुडघ्यावर तक्ता ठेवला आणि त्या दोन चौकटींवर आडवी रेघ मारली.

“मॅडम,” पांडुरंगराव म्हणाले, “तुमची नवकरी?”

“जाईन हातची.”

“पुढच्या साली मी ते पट्टे उपाशी ठेवतो. विठ्ठलाची आन. जयवंतेलेबी समजावतो.”

“पुढच्या साली मी नसन काका.”

तुळजाबाई एकदा पांडुरंगरावांकडे, एकदा रश्मीकडे पाहत होती. “काय झालं व?” तिने विचारलं. “पीक चांगलं नाई का?”

“लय चांगलं हाय आजी,” रश्मी म्हणाली.

आणि तेही खरं होतं. तिला राग यायचा होता तेवढा आलेला होता, पण तो टाकायला जागा सापडत नव्हती. देवाजीपर्यंत जी पंगत कधी आली नाही, ती या गावात अखेर शेवटच्या पानापर्यंत आली होती, शेवटच्या पानापासून वाढायला सुरुवात झाली होती, आणि त्यासाठी पंगतीला हेच एक वर्ष सापडलं होतं. दुसरं कुठलंही वर्ष चाललं असतं.

तक्त्याच्या तळाशी ‘चाचणी बाद होण्याचं कारण’ असा एक अरुंद रकाना होता. रश्मीने डोळे पुसले, पेन झटकलं आणि तिथे लिहिलं: औषध सगळ्यांना देण्यात आलं.